बॉनेटवरचा हात

मंगळवार, ७ जानेवारी १९७५

लकडगंजात जुनी पिकअप पाहून आलो. मालक दिवाळीत वारला, म्हणून त्याची बायको विकते आहे. तळाचा पत्रा सडलेला, स्टिअरिंग ढिलं. तेवढं चालेल. पण सुरू करण्याआधी गाडी थंड हवी, तरच तिची खरी खोड कळते, म्हणून बॉनेटवर हात ठेवला. गरम! एवढ्या थंडीत, शेडमध्ये? बॅटरी तर बाईंनी दिवाळीपासूनच काढून घरात ठेवलेली. मग गरम काहून? सोबतच्या मिस्त्रीनंही हात लावला आणि चटकन मागे घेतला.

शेवटी बाईंनाच विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "आज मंगळवार न भाऊ. मंगळवारी पहाटेच ते मिरची आणाले भिवापूरले जातेत."