मनुबाईची शिंक आणि माझा ओटा

मी, सगुणा दामाजी नाखवा, वय बावन्न, धंदा मासळीविक्री, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, डोकं ठिकाणावर ठेवून, कोणाच्या दबावाविना हे मृत्युपत्र सांगते. परशुराम गुरुजी लिहून घेत आहेत. मधेमधे मी बोलेन ते त्यांनी सुधारायचं नाही, असं ठरलं आहे.

कलम १. दोन खोल्यांचं घर मुलगी शेवंती हिला. कौलं तिच्या कैलासवासी बापाने स्वतः चढवली आहेत, म्हणून गळतात. तक्रार करू नये.

कलम २. माझा कोयता दीर काळुराम यांस. गेल्या शिमग्याला उसना नेला तो परत आलाच नाही. आता त्यांचाच समजावा.

कलम ३. मला छातीचा कॅन्सर आहे. गाठ काढली, केमोचे सहापैकी तीन डोस झाले. शेवंती कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकते. एकदा जेवताना म्हणाली, "आई, परदेशात सर्दीचा व्हायरस बदलून कॅन्सरच्या गाठीवर सोडून बघतायत. जोडीला केमो. दोन्ही मिळून जास्त काम करतील असं वाटतंय त्यांना." अजून नुसते प्रयोग चाललेत, हेही तिने सांगितलं होतं. ते मी कानाआड केलं. तीस वर्षं मासळी विकतेय, लांबून येईस्तोवर माल शिळा होतो एवढं मला कळतं. केमो तर अंगात होतंच. मग ताजा व्हायरस इथे मिळत असताना थांबायचं कशाला?

मासळीबाजारात माझ्या शेजारच्या ओट्यावर धाकटी जाऊ मनुबाई बसते. तिला सर्दी झालेली बघून मी अकरा वर्षांचा अबोला मोडला. म्हटलं, "मने, जरा माझ्याकडं तोंड करून शिंक." ती तीनदा शिंकली. इतक्या आनंदाने तिने मला आजवर काही दिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप एकशेतीन. नऊ दिवस इस्पितळात, चौथा डोस लांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, तो विषाणू प्रयोगशाळेत घडवतात. हा मनुबाईंचा होता. केमोने तुमच्या पांढऱ्या पेशी उतरल्यात, साध्या सर्दीनेही जीव जाईल." गुरुजी, ठळक लिहा: चूक माझी. मी मेले तरी शेवंतीला कोणी बोल लावायचा नाही.

कलम ४. पण तीच स्वतःला बोल लावतेय. महिना झाला, कॉलेज सोडून माझ्या ओट्यावर बसते. म्हणते, "तू बरी हो, मग बघू." परीक्षा मार्चात आहे. शिवाय धंदा तिला जमत नाही, पापलेट कालचं असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगून टाकते. माझा जीव तुटतो. मी जगेन न जगेन, ही पोर तिथे म्हातारी व्हायला नको.

सबब, सासूबाईंनी मला दिलेला आणि ज्यावरून आमचा अबोला झाला तो मासळीबाजारातला ओटा मी मनुबाईस देत आहे. शेवंतीला बसायला जागाच उरू नये, एवढ्यासाठी. गुरुजी म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. तोवर परीक्षा होऊन जाईल. हे कलम उद्या सोमवारपासून लागू, आणि कायद्यात बसत नसेल तर गुरुजींनी दुसरा कागद करावा. मी बरी झाले तर पाटी घेऊन खाली बसेन.

साक्षीसाठी मनुबाई आली होती. जिला मिळतं तिची सही चालत नाही, असं गुरुजींनी सांगितलं, तेव्हा तिला ओट्याचं कळलं. आता ती दारात बसून रडतेय, आणि शेवंती आत पुस्तकं शोधतेय.

सही (अंगठा नाही): सगुणा दामाजी नाखवा
साक्षीदार: १. त्र्यंबक महिपत मढवी २. केशरबाई दगडू भोईर
कोपरी, ठाणे. रविवार, १७ जानेवारी १९९९