न नेलेली तसबीर

२ फेब्रुवारी

सूनबाईंनी आज माझे दोन्ही डबे जमिनीवर उपडे केले! एक आलेल्या पैशांचा, एक खर्चाच्या पावत्यांचा. या दोन डब्यांवर मी तसबिरींचं दुकान चालवलं, पोराला वाढवलं, त्याचं लग्न लावलं. आणि ही म्हणते, "आई, हा हिशेब नाही, पसारा आहे."

जिभेवर आलं होतं, गिळलं. गरज माझी आहे. जागामालक दुकान विकायला निघालाय. मी घेतलं नाही तर दुसरा घेईल, आणि मी काचा-पट्ट्यांसकट रस्त्यावर. बँकवाला म्हणतो, महिनाअखेर वर्षाचा स्वच्छ हिशेब आणा, मग कर्जाचं बघू. सून कचेरीत दिवसभर हिशेबच लिहिते. अडला हरी गाढवाचे पाय धरी! (ही वही तिच्या हाती लागली तर मेले.)

५ फेब्रुवारी

पहिला धडा — घरचा पैसा वेगळा, दुकानचा वेगळा. गल्ल्यातून भाजीला नोट काढली तरी लिहायची. "उचल" म्हणून. माझ्याच दुकानातून मीच उचल करायची! खूप हसले. संध्याकाळी उचलीची बेरीज केली आणि हसू पळालं.

८ फेब्रुवारी

गिऱ्हाईक फोटो देतं, थोडे पैसे आगाऊ देतं, ते मी सरळ डब्यात टाकत आले. कमाईच ना ती? सून म्हणाली, "नाही आई. तसबीर त्यांच्या हातात पडेपर्यंत ते पैसे त्यांचेच. तुम्ही नुसत्या सांभाळताय."

कसली सांभाळतेय! कधीच खाऊन बसलेय. मागच्या भिंतीला न नेलेल्या तसबिरी टेकून उभ्या आहेत — नवरा-नवरी, रांगणारं बाळ, फुटबॉलची अख्खी टीम. सगळ्यांचे पैसे माझ्या पोटात. आणि ते कमाईतून काढले तर बँकेला दाखवायला उरतं काय? सूनच म्हणाली, "एकेकाला फोन करा. तसबिरी दारातून बाहेर गेल्या की कमाई तुमची."

आणि सगळ्यांच्या पुढे ती म्हातारी. काळ्या चौकटीतली.

९ फेब्रुवारी

म्हातारीबद्दल लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. मुलगा आला होता गेल्या पावसाळ्याआधी. शर्ट चुरगळलेला, डोळे लाल. "आईचा फोटो आहे. चौकट काळी, साधी. लागेल लवकरच." मी आणखी काय विचारणार? आईला काळी चौकट मागतात तेव्हा विचारायचं नसतं. सगळे पैसे मोजून ठेवून गेला. सगळे! तसं करणारं ते एकच गिऱ्हाईक. परत आलाच नाही.

तेव्हापासून ती माझ्याकडे बघतेय. पट्टी कापायला बसले तरी बघते, काच पुसायला उठले तरी बघते. आजवर वाटायचं, बघते बिचारी, पोराची वाट बघते. आता वाटतं — माझ्या पैशांचं काय केलंस, विचारतेय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१३ फेब्रुवारी

फोन केले. टीमवाले दंगा करत आले, उरलेले पैसे देऊन गेले. बाळाची आई आली — बाळ आता शाळेत जातं! स्वतःचा फोटो बघून म्हणालं, "हे कोण आहे?" नवरा-नवरीचा फोटो कुणालाच नको होता. वेगळे झालेत. नवरा म्हणाला, "तिला द्या," ती म्हणाली, "त्याला द्या." शेवटी तिची बहीण पैसे देऊन घेऊन गेली.

म्हातारीच्या मुलाचा फोन बंद.

१४ फेब्रुवारी

फोन बंद.

१६ फेब्रुवारी

दवाखान्यातून माणूस आला. त्यांच्या मोठ्या डॉक्टरांच्या फोटोला अगदी म्हातारीच्या तसबिरीच्या मापाची चौकट हवी, आजच्या आज, म्हणेल ती किंमत. एका फटक्यात बँकेला दाखवायला कमी पडणारी कमाई भरून निघाली असती. मी म्हातारीची तसबीर उलटी ठेवली आणि मागचे खिळे उपसायला पक्कड हातात घेतली.

नाही जमलं. पक्कड खाली ठेवली. माणसाला म्हटलं, दोन दिवस लागतील. तो गेला दुसरीकडे. तसबीर पुन्हा सरळ लावली. मला तिची भीती वाटते आणि तिच्याशिवाय दुकान ओकंओकं वाटतं, दोन्ही खरं आहे.

१७ फेब्रुवारी

सुनेला सांगितलं. वाटलं, आता हिशेबाचा डोस पाजणार. पण शेजारी येऊन बसली. "बरं केलंत आई. हिचे पैसे देण्यातच दाखवू. पावतीवर पत्ता असेल ना? एक कार्ड टाका." मग चहा केला तिने. पोरगी वाईट नाही.

लिहिलं — "आपल्या आईची तसबीर तयार आहे. कृपया घेऊन जावी. नको असल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल." स्वतः जाऊन पेटीत टाकलं. परत आले तर ती तशीच बघत होती. "आता काय कार्ड पण वाचून दाखवू?" म्हणून खेकसले तिच्यावर. रिकाम्या दुकानात!

२२ फेब्रुवारी

बँकवाल्याने पानं उलटली. म्हातारीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे देणं लपवलं असतं तर मला कळलंही नसतं." मी म्हटलं, "तुम्हाला नसतं कळलं. तिला कळलं असतं." त्याला काही उमगलं नाही. कर्ज मंजूर! सुनेला मिठी मारली. ती इतकी दचकली!

२६ फेब्रुवारी

ती आली.

दारात काठी टेकून उभी. जिवंत. हातात माझं कार्ड. म्हणाली, "डॉक्टरांनी माझी आशा सोडली होती. पोराने सगळी तयारी करून ठेवली. मी उठले, बाई. तो गाडीखाली गेला."

मग पिशवीतून त्याचा फोटो काढला. आपल्या तसबिरीकडे नीट बघितलं. "मला काढा यातून. त्याला बसवा."

बसवला. माप तेच निघालं.

"किती द्यायचे?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्यानेच भरलेत. सगळे."