लाल पेनाने मागितलेला पुरावा

प्रिय बाबा, जयभीम.

हे पत्र पोस्टात टाकणार नाहीये, म्हणून खरं लिहिते. इथल्या कम्युनिटी कॉलेजात मी लिखाणाचा अगदी पायाचा वर्ग घेते. रोसाल्बा नावाच्या मेक्सिकन मुलीने निबंधात लिहिलं, 'माझ्या बाबांना वाचता येत नाही, तरी स्ट्रॉबेरीच्या शेतातून आल्यावर ते माझं प्रत्येक पान ऐकतात.'

माझा नुसता जळफळाट झाला. तुम्ही तर शिक्षक! गावभरच्या पोरांच्या वह्या तपासल्यात, माझी एकही उघडली नाहीत. विधान केलं की पुरावा द्यायचा, हा आमच्या वर्गाचा नियम. त्याच्याआड लपून मी समासात लाल पेनाने लिहिलं, 'पटत नाही. पुरावा?' आणि मार्क कापले.

पुढच्या तासाला ती पुरावाच घेऊन आली. तिचे बाबा टोपी हातात धरून शेवटच्या रांगेत पूर्ण तास बसले. निघताना त्यांनी लेकीकरवी मला विचारलं, "तुम्हाला लिहायला कोणी शिकवलं?"

"माझ्या बाबांनी," मी म्हणाले. "रोज माझी वही घेऊन बसायचे."

त्यांनी लगेच मान डोलावली. पुरावा मागितला नाही.

तुमचीच,
प्रज्ञा