गप्पांचा दर

ता. ३ जून
चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद. दुकान खाली करायची मालकाची नोटीस आली, ते तुला सविस्तर कळवलं. त्यावर तुझ्या वकीलसाहेबांचं बिल आलं: ‘पत्रवाचन, अर्धा तास’! त्यात माझे गुडघे होते, शेजारच्या न्हाव्याची गाभण मांजर होती आणि तुझं रखडलेलं लग्न. म्हणजे तुझ्या लग्नाची काळजीही मीच करायची आणि पैसेही मीच भरायचे? मापं देताना बायका सासूच्या कागाळ्या सांगतात, त्यांची शिलाई मी कधी लावली नाही.
लोभ आहेच, त्याचं बिल नको.
आत्या

ता. ९ जून
ती. आत्यास,
सा. न. वि. वि. अगं, आमच्याकडे मिनिटावर दर. साहेब टेबलावर घड्याळ ठेवून तुझं पत्र मला मोठ्याने वाचायला लावतात. मांजरीवर दोनदा हसले, तेही बिलात आलं. यापुढे मुद्द्याचंच लिही. मालक म्हणतो, दुकान वर्षापुरतं दिलं होतं. तो ‘जन्मभरासाठी’ म्हणाला होता असं तू सांगतेस, त्याला साक्षीदार हवा. नाहीतर दुकान जाईल, आत्या.
लोभ चढत्या दराने वाढावा.
बोक्या

ता. १५ जून
रा. रा. वकीलसाहेब यांस,
सा. न. वि. वि. दुकान देताना आम्ही दोघंच होतो. साक्षीदार नाही. कळावे.
आपली अशील

ता. २० जून
ती. आत्यास,
सा. न. तुझ्या पत्राचं बिलच होईना, साहेब हिरमुसले. मला मात्र ते लागलं. आई गेल्यापासून ‘जेवलास का’ विचारणारी तू एकटीच. हे घरून लिहितोय, उत्तर घरीच पाठव. मांजरीला किती झाली?
बोक्या

ता. २६ जून
चि. बोक्यास,
आशीर्वाद. फुकट आहे तर ऐक. चार झाली, आणि कुठे? दुरुस्तीला आलेल्या मालकाच्या कोटात! तो कोट न्यायला आला आणि असा ओरडला की न्हावी वस्तऱ्यासकट धावला, मागून त्याचं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. मालक म्हणे, तुला जन्मभरासाठी दुकान दिलं हीच माझी चूक झाली! मागेच लिहिणार होते, पण पिल्लांचा दर परवडेना. जेवलास का?
आत्या

ता. १८ ऑगस्ट
ती. आत्यास,
सा. न. वि. वि. दुकान राहिलं! न्हाव्याने साक्ष दिली, गिऱ्हाइकानेही, गुळगुळीत दाढी करून. साक्षीदारांसाठी तुझं मांजरीचं पत्र साहेबांना दाखवलं होतं, तर शेवटच्या बिलात त्यांनी तेही लावलं. मी ते खोडून शेजारी ‘घरगुती’ लिहिलं. साहेब घड्याळाकडे बघत राहिले, मग म्हणाले, एखादं पिल्लू मिळेल का? आत्या, दर तू ठरव, आणि चांगला चढा लाव.
आणि हो, जेवलो.
तुझा बोक्या