उर्वशीनं उलटी म्हटलेली वाट

रंजीता,

उर्वशीले घेऊन ब्रह्मपुरीले चाललो, मॅडमच्या त्या स्मरणशक्तीच्या क्लासले. भात झाकून ठेवला हाय, जेवून घेजो.

क्लास बंद कर म्हणून मीच तुह्याशी भांडलो होतो. दोन गोष्टी सांगितल्या तं पोरगी एक विसरते, तिले आकडे उलटे म्हणायले लावून काय होते, असं वाटे मले.

काल उर्वशीसंग मोहफुलं वेचता वेचता मी वाट चुकलो. ती थांबली, डोळे मिटले, अन् येतानाच्या खुणा उलट्या म्हणत निघाली, "नाला, वारूळ, फुटका दगड, पळस." एकही चुकली नाई. मी गुमान मागं चाललो.

काल तुले सांगाची हिंमत झाली नाई. सारा जन्म ह्या जंगलात गेला माहा, अन् मले घरी आणलं नऊ वर्षांच्या नातीनं.

तुहा सासरा,
लटारू