चित्र शिजेपर्यंत

मंगळवार, ४ मार्च

तो खोका माझ्यापेक्षा म्हातारा दिसायला लागलाय आणि मला त्याचा आनंद होतो. होतो तर होतो! इथे ह्या फोनशिवाय कोण ऐकतंय?

खोका म्हणजे नातीच्या टेबलाखालचा कॉम्प्युटर. त्याच्यावर ती लोकांच्या न बांधलेल्या घरांची चित्रं करते. भिंती, खिडक्या, सोफ्यावर पडलेलं ऊन. साहेब म्हणून कुणी प्राणी आहे, तो ती गिऱ्हाइकांना दाखवतो. सगळं आखून झालं की शेवटचं बटण दाबायचं आणि मग खोक्याने चित्र रंगवून काढायचं. चहापासून जेवणापर्यंत धापा टाकतो बिचारा. मी म्हणते, चित्र शिजतंय. शिजत असताना हात लावायची सोय नाही. मग बाईसाहेब मोकळ्या होऊन माझ्या पलंगावर मांडी ठोकतात आणि आम्ही भिकार-सावकार खेळतो.

म्हणजे त्याची धाप तेच माझं टॉनिक!

गुरुवार, ६ मार्च

आज पत्त्यांत लक्ष नव्हतं तिचं. मी उघड उघड लबाडी केली, तरी भांडली नाही. अशा जिंकण्यात काय चव?

“साहेब म्हणतो, एवढा उशीर चालणार नाही. दुसरी एक मुलगी दिवसाला चार चित्रं देते.”

“मग दे म्हणावं तिलाच.”

“तिलाच देईल गं आजी! तेच तर सांगतेय.”

नवा कॉम्प्युटर परवडत नाही. मुलगा-सून नोकरीसाठी परगावी. त्यांच्याकडे मागणार नाही म्हणते, माझ्यावर गेलीय. तेव्हा खोका तोच ठेवायचा आणि नुसता मेंदू बदलायचा. प्रोसेसर म्हणतात त्याला.

“माझाही बदलून मिळेल का गं, ठके?”

“नको. नव्याला तुझी लबाडी झेपायची नाही.”

शनिवार, ८ मार्च

स्थळ शोधणं चाललंय! ह्याचे पाय आपल्या खोक्यातल्या बोर्डात बसतील का, हा फार तापट तर नाही, आहे त्या पंख्यात भागेल का. सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराकडे जमलं शेवटी. पण वापरलेला.

“म्हणजे बिजवर!” मी म्हटलं.

हसून हसून ठसका लागला तिला. पण हे हसू कुणामुळे? त्याच्यामुळे. मी नुसती निमित्त.

माझ्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव विचारलं तर म्हणते, “ती पांढरी ना?” ह्याची मात्र सगळी कुंडली पाठ.

मंगळवार, ११ मार्च

आला नवरदेव. मऊ फोममध्ये निजवून आणला होता. बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, पोटाखाली सोनेरी पिनांची दाट लव. एवढ्याशासाठी हे सगळं! तिने त्याला असा कडेकडेने उचलला, जसं बाळंतघरात बाळाला उचलावं. पिना वाकल्या तर संपलं म्हणे. मला उठवताना काखेत हात घालून खेचते, माझ्या पिनांचं काय?

आधी खोका चालू करून तापवला, म्हणजे मेंदू आणि पंख्यामधला वाळलेला लेप सैल होतो. मग बंद केला, पंखा सोडवला, जुना तुकडा काढून माझ्याकडे एका वाटीत दिला. नव्याच्या पाठीवर वाटाण्याएवढा ताजा लेप. बॅटरी माझ्या हातात.

“आजी, उजेड! तू माझ्याकडे काय बघतेस, त्याच्यावर धर.”

ऐका! माझ्या घरात, माझ्याच हाताने, मी त्याच्यावर उजेड धरायचा!

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. काळाच.

मला बरं वाटलं. लिही रे फोना, तसंच लिही. बरं वाटलं.

मग ती जमिनीवर बसून गुडघ्यांत तोंड खुपसून राहिली. तेव्हा नाही वाटलं.

बुधवार, १२ मार्च

सकाळी दुकानदाराला फोन लावला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं. “ताई, बोर्ड जुना आहे, तो नव्याला ओळखतच नाही. जुना परत बसवा. त्याच्यावर मशीन चालू करा, बोर्डाला नव्याची ओळख करून द्या. मी फाइल पाठवतो. मग नवा घाला.”

घ्या! जावई दारात उभा आणि घरात कुणाला पत्ताच नाही.

“आजी, ती वाटी कुठेय?”

“कुठली वाटी?”

निघून गेलं तोंडातून. वाटी माझ्या उशीमागे होती. कशाला ठेवली होती? असंच. पण मग ती टेबलाखाली शिरली, केराची बादली उपडी केली, आणि मी आपली पत्ते पिसत बसले. मनात हिशेब चालला होता की जुना नाही तर नवा नाही, खोका मेला, आणि संध्याकाळी सगळ्या माझ्या.

तेवढ्यात साहेबाचा फोन. “हो सर. उद्या संध्याकाळपर्यंत सर. नक्की सर.” फोन ठेवला आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागली. पुसलेलीच जागा परत परत पुसत होती.

नाही बघवलं.

“अगं, इथेच तर आहे! तुझं लक्ष कुठे असतं?”

तिने उशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तुकडा उलटा करून पिना तेवढ्या तपासल्या. सरळ होत्या. एवढी काही मी दुष्ट नाही, वाटीखाली रुमाल ठेवला होता.

गुरुवार, १३ मार्च

नवा लागला कामाला. चहाला उकळी येईपर्यंत चित्र तयार! नाचली पोरगी. आधी खोक्याला थोपटलं, मग मला मिठी मारली. क्रम माझ्या लक्षात आहे.

शुक्रवार, १४ मार्च

साहेब खूश. आणखी काम दिलं. पत्ते डब्यात.

रविवार, १६ मार्च

आता शिजणं कुठलं, नुसती फोडणी! ठो की चित्र तयार. उसंतच नाही मध्ये. “आजी, गोळी घेतलीस?” हे सुद्धा तिकडूनच ओरडून विचारते, मान न वळवता.

मी दार लोटून घेतलं आणि फोनशी हे रोजचं बोलणं धरलं. तिनेच शिकवलं होतं, हे बटण दाब, बोल, तो लिहून घेईल, तारीखही तोच घालेल. खरं लिहितो की आपल्या मनचं, मला काय कळतंय! अक्षराशी माझं कधी जमलं नाही. पण ऐकून घेतो. मध्ये बोलत नाही. तिला बजावून ठेवलंय, मी बोलत असताना आत पाऊल टाकायचं नाही आणि वाचायचं तर मुळीच नाही.

मंगळवार, १८ मार्च

भिंतीपलीकडून “शाबास रे राजा!” ऐकू आलं. खोक्याला!

तिचं पहिलं पाऊल, पहिला दात, गोवर, सायकलवरून पडणं, सगळं मी निस्तरलं. मला कधी म्हणाली शाबास? आणि हा कालचा आलेला बिजवर!

दिवेलागणीपासून जेवणाची ताटं वाजेपर्यंत बोलले आज. फोन गरम झाला हातात. मध्ये दाराशी पावलं वाजली. पाण्याला उठली असेल.

गुरुवार, २० मार्च

आजही बोलले. मन काही निवत नाही. उलट जेवढं सांगावं तेवढं सुचतं.

पावलं आली, गेली. एवढं पाणी पिते ही?

शनिवार, २२ मार्च

जेवताना म्हटलं, “लग्नच लाव त्याच्याशी, म्हणजे मी सुटले.”

तिने घास खाली ठेवला. “आजी, माझं काम आता संध्याकाळीच संपतं. रोज पत्ते घेऊन तुझ्या दाराशी येते. आतून तुझं बोलणं चालूच. थांबते, मग परत जाते, आणि वेळ जात नाही म्हणून आणखी एक चित्र करत बसते.”

मी तिच्या ताटात उगाच आणखी भाजी वाढली.

मग ताटात बोट फिरवत म्हणते, “कोणाला एवढं सांगतेस गं? मला तर कधी सांगत नाहीस.”