टिलीची शिट्टी

प्रिय जनेल,

मागच्या नाताळात तू म्हणालीस, ‘कॅरिन, पोरीला शाळेत घाल गं,’ तेव्हा मी तुझ्यावर केवढी फणकारले! तुमच्या शहरातल्या शाळेत वर्गभर पोरांमागे एक बाई, इथे घरी एका पोरीला शिकवायला अख्खी आई, असं तोऱ्यात ऐकवलं. तू ताटावरून उठलीस.

टिली आता नऊची होईल. भागाकार फाडफाड करते. पाण्याचा पंप बिघडला तर तिच्या बापाच्या, रॉसच्या आधी तिला कळतं. आमच्या या आडरानातल्या फार्मवर टपालाचं विमान उतरलं की पायलटशी पावसापाण्याच्या अशा गप्पा मारते, की तो म्हणतो, ‘तुमची मुलगी नाही, आजीबाई आहे!’ मी ते कौतुक समजून मिरवलं. येत्या वाढदिवसाला कोणाला बोलवू विचारलं, तर म्हणाली, पायलट, आपला स्वयंपाकी आणि दोन्ही कुत्रे. आम्ही पोट धरून हसलो.

गेल्या शनिवारी घोड्यांच्या शर्यतींना गेलो होतो. लांबलांबच्या गुरांच्या फार्मांवरची पोरं वर्षातून तेवढीच एकदा एकत्र येतात. मुली पकडापकडी खेळत होत्या. टिली बराच वेळ कडेला उभी होती. मग तिने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली आणि ओरडली, ‘डावीकडून घेर! आता बस!’ गुरं वळवताना कुत्र्यांना सांगते, अगदी तसं. कोणाला सोबत घ्यायची तिला दुसरी रीतच माहीत नाही. ती मी शिकवलीच नाही. एक मुलगी भुंकली, मग सगळ्याच रांगत भुंकायला लागल्या.

परतताना टिली गाडीत नुसती उड्या मारत होती. ‘आई, त्यांनी माझं लगेच ऐकलं!’ रॉसने रेडिओ मोठा केला.

आता तिला वाढदिवसाला त्याच मुली हव्यात. त्यांच्या आयांना फोन कर म्हणून रोज मागे लागते, आणि फोन लागत नाही असं मी खोटं सांगते. जनेल, जानेवारीअखेर शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की तिला तुझ्याकडे ठेवून घेशील? रॉस तयार आहे. हे तोंडाने बोलायला गेले असते तर पुन्हा स्वतःचीच बाजू घेत बसले असते, म्हणून लिहितेय. आणि एक राहिलं, ते लिहायला हात धजत नाही. मुली भुंकत होत्या तेव्हा शेजारच्या परक्या बाईने हसत विचारलं, ‘कोणाची हो ही पोर?’ मी म्हणाले, ‘कोण जाणे.’

तुझीच धाकटी बहीण,
कॅरिन